बाईंचं वायफायचं तोरण

बाईंनी वायरीचं उघडं टोक जिभेला लावलं आणि मी किंचाळले. हातातलं दुधाचं पातेलं तिथंच दारात सांडलं. वायरीचं दुसरं टोक भिंतीवरच्या प्लगात होतं, बटण चालू होतं, आणि सत्तरी ओलांडलेली ही बाई सुईत ओवायच्या आधी दोरा ओला करतात तशी ती तार ओठांत धरून बसली होती.

"काऊन ओरडून राह्यली व?" त्या म्हणाल्या. "मोबाइलचा चार्जर आहे तो. त्याच्यात काय दम असते? गुदगुल्या होतात नुसत्या."

मग तारेचं टोक चिमटीत पिळून त्यांनी ते बोटाएवढ्या एका सर्किटच्या पाटीच्या भोकात घातलं, त्यावर सोल्डरिंगचा डाग दिला आणि राळेचा धूर फुंकरीनं बाजूला सारला. मी अजून दारातच उभी होते. सांडलेल्या दुधाकडे त्यांचं लक्ष गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पुसून घे. मुंग्या होतात."

खामगावला बदली होऊन मी बाईंच्या वरच्या खोलीत राहायला गेले आणि पुढं तिथं असेपर्यंत असे धक्के खात राहिले. मी सातारकडची. आमच्याकडे म्हातारी माणसं विजेच्या बटणाला हात लावायच्या आधी चपला घालतात. इथं मला घरमालकीण मिळाली ती अशी. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर शिवणकाम शिकवलं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणायची, भाजीवालाही बाई म्हणायचा, आणि त्याच्या तराजूवर त्या नजर ठेवायच्या तीही परीक्षकाचीच.

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही. गळ्यातली टेप काढली, माझे खांदे मापले आणि म्हणाल्या, "उजवा खांदा उतरला आहे तुहा. पर्स डाव्या खांद्यावर घेत जाय." नोकरी कुठली, लग्न झालंय का, मांसमच्छी खाता का, असल्या प्रश्नांची उत्तरं मी प्रवासात घोकून आले होते. त्यातलं एकही लागलं नाही. आरशात पाहिलं तर खांदा खरोखरच उतरलेला होता. इतक्या वर्षांत माझ्या आईच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

पांढऱ्या केसांची एकच वेणी, मनगटावर नवऱ्याचं जुनं घड्याळ, छातीशी सेफ्टी पिनांचा झुबका. बोलताना तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवून त्या इतकं स्वच्छ बोलायच्या की मलाच गिळायची भीती वाटायची. नवरा फार लवकर गेला. एक मुलगा होता, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत, चाळिशीला आलेला आणि बिनलग्नाचा. त्याच्या लग्नाविषयी बाई कधी कुणाशी बोलत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "त्याचं माप मले नाही घेता आलं."

देवधर्माचं त्यांना वावडं होतं असं नाही, पण सवड नव्हती. उपास करायच्या नाहीत. देव्हाऱ्यातल्या देवांवर सोल्डरिंगच्या तारेचं रीळ ठेवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. एका गोष्टीत मात्र त्या हटवादी होत्या. राहायला आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी दार लावून, दिवा लावून चहा पीत बसले होते. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि दारावर थाप पडली. मला वाटलं, कुणाला तरी काहीतरी झालं.

"दिवेलागणीले दार लावून बसतं का कोणी?" बाई जिन्यावर धापा टाकत उभ्या होत्या.

"डास येतात," मी म्हटलं.

"येऊ दे. डासाच्या मागं लक्ष्मी येते."

"तुम्ही मानता हे?"

"लक्ष्मीचं मले काय माहीत? माही आई उघडे, म्हणून मी उघडतो." बायकांनी स्वतःला 'करतो, उघडतो' म्हणायची इथली रीत माझ्या कानांना तेव्हा नवीन होती. "अन् मले एक सांग. आपण दिवा लावला अन् दार लावलेलं, तं मंग तो दिवा कोणासाठी?"

आमच्या घरीही दिवेलागणीला पुढचं दार उघडं ठेवत, ट्यूबलाइट लावली तरी तिला नमस्कार करत. नोकरीच्या गावांत ते सगळं सुटून गेलं होतं. त्या दिवसापासून मी दार उघडायला लागले, भक्तीनं नव्हे, बाईंना पुन्हा जिना चढायला लागू नये म्हणून.

आता त्या पाटीविषयी. ती मुलानं आणली. तोवर तो रोज संध्याकाळी फोन करायचा आणि बाई रोज चिडायच्या. फोन वाजला की त्यांच्या हातातलं काम निसटायचं. "जेवली का, गोळी घेतली का, दार लावलं का. मी काय बालवाडीत आहे?" त्याला त्यांना पुण्याला न्यायचं होतं. बाईंना जायचं नव्हतं. या घराची प्रत्येक खिडकी त्यांनी स्वतःच्या पगारातून बसवली होती आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये, त्यांच्या शब्दांत, "खिडकी उघडली की समोरच्याचा भात दिसते." या विषयावरून मायलेकांची प्रत्येक दिवाळी कडू व्हायची.

मग एका दिवाळीला तो वायफायवर चालणारे दोन छोटे बोर्ड, रंगीत एलईडीच्या पट्ट्या आणि स्वतःचा जुना लॅपटॉप घेऊन आला. एक बोर्ड आईकडे, एक त्याच्याकडे. आईनं संध्याकाळी दिवा लावला की दोन्ही घरी पिवळा उजेड पडायचा. तो ऑफिसातून घरी आला आणि त्यानं आपला लावला की दोन्ही घरी निळा. फोन नको, चौकशी नको. पिवळा दिसला की आई बरी आहे, निळा दिसला की पोरगा घरी पोचला. त्यानं एकच अट घातली: ज्या दिवशी पिवळा लागणार नाही, त्या दिवशी मी गाडी काढीन.

मुलानं ती पट्टी दारावर चिकटपट्टीनं लावली होती. बाईंना ते पाहवलं नाही. तो पुण्याला परतल्यावर त्यांनी पट्टी उचकटली, कापून एकेक दिवा सुटा केला आणि जाळीच्या कापडाचं तोरण शिवून प्रत्येक फुलाच्या पोटात एकेक दिवा बसवला. उजवीकडची फुलं पिवळी, डावीकडची निळी. वायरी काशिद्याच्या टाक्यांखाली लपवल्या. बटणाच्या जागी ब्लाउजचं टिचबटण लावलं, त्याच्या दोन्ही अर्ध्या भागांना एकेक तार. टिचबटण टिचकन दाबलं की दिवा लागायचा, उघडलं की विझायचा. अगदी तसंच दुसरं तोरण शिवून त्यांनी पुण्याला पाठवलं. मी ते पाहिलं तेव्हा तोंडात बोट घातलं. खादीग्रामोद्योगाच्या प्रदर्शनात ठेवावं असं काम होतं आणि ते इंटरनेटवर चालत होतं.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मोबाइलवर व्हिडिओ राह्यते. एक मद्रासी पोट्टा हिंदीत सांगते. त्याचं हिंदी मले समजत नाही, पण हात समजते."

बोर्डाला त्या सून म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खालीच बसले. शेजारच्या काकू ऐकत असताना त्या म्हणाल्या, "माह्या पोरानं आणलेली सून आहे. बोटभर आहे, पण बोललं ते ऐकते." काकूंचा चेहरा असा झाला की मला तिथून निघून जावं लागलं. पुढं प्रोग्रामही त्या स्वतः बदलायला लागल्या. इंग्रजी त्यांना वाचण्यापुरतंच यायचं, पण विणकामाचा नमुना वाचणाऱ्या बाईला प्रोग्राम फार परका वाटत नसावा. "हे इतकंच असते," त्या लॅपटॉपपाशी बसून मला समजावत, "एक सुलट, एक उलट, अन् ओळ संपली की पयल्यापासून." घरभर कापडं, कापडांत वायरी, आणि मधे ही बाई गुडघ्यावर लॅपटॉप घेऊन सुनेला दटावत बसलेली. मी ऑफिसातून आले की आधी खिडकीतून हे दृश्य पाहायचे.

फोन मात्र बंद झाला. आधी रोजचा आठवड्यावर गेला, मग सणावारी. बाई म्हणायच्या, बरं झालं, कटकट गेली. संध्याकाळी दार उघडून, टिचबटण दाबून, तोरणाला नमस्कार करून त्या उंबऱ्यात बसायच्या. थोड्या वेळानं निळी फुलं लागायची. तेव्हा त्या पदरानं चष्मा पुसायच्या आणि आत जाऊन कुकर लावायच्या. दिवा लागला, मग बोलायचं काय राहिलं, असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं. ते विचारणं होतं की सांगणं, हे मला कळलं नाही.

तर आता त्यांचं फिरणं. बाईंच्या विद्यार्थिनी अख्ख्या जिल्ह्यात दिलेल्या होत्या. मनात आलं की बाई एसटी पकडायच्या. कुणाच्या मुलीचं बाळंतपण, कुणाची नवी शिलाई मशीन, कुणाचा शाळूचा हुरडा, काहीही कारण पुरायचं. अशाच एकदा जानेफळला गेल्या आणि परतीची गाडी चुकली. फोन पिशवीत, पिशवीतल्या फोनची बॅटरी संपलेली. पिवळा दिवा लागला नाही.

माझा फोन वाजला. "ताई, आईचा दिवा लागला नाही. बघता का जरा?" मी खाली गेले तर कुलूप. तसं सांगितल्यावर त्यानं फोन ठेवला. सकाळी मी दात घासत गच्चीत उभी होते तर गाडी दारात. पुण्याहून रात्रभर गाडी हाकत आला होता. डोळे लाल, शर्ट चुरगळलेला. ओट्यावर तो उभा, आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून बाई आल्या, हातात वांग्यांची पिशवी, चेहऱ्यावर पाहुणचाराचा तजेला.

"अरे! आज सुट्टी आहे का तुले?"

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. त्यानं हात जोडले. "आई, हे शेवटचं. पुन्हा एकदा दिवा चुकला तर मी काही ऐकणार नाही. घराला कुलूप लावून तुला घेऊन जाईन." आणि तो तसाच, चहासुद्धा न घेता, परत गेला. बाई बराच वेळ वांगी निवडत बसल्या. त्या घाबरल्या होत्या. त्यांना घाबरलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

पुढल्या खेपेला त्या मेहकरकडे निघाल्या तेव्हा जिन्याखालून मला हाक मारून किल्ली दिली. "दिवेलागणीले माह्यं दार उघडजो. बाकी काही करू नोको."

मी संध्याकाळी दार उघडलं. घरात चिटपाखरू नाही. टिचबटण उघडंच लोंबत होतं. मी उंबऱ्यात उभी असताना माझ्या डोक्यावर पिवळी फुलं आपोआप उजळली. भूतबीत मी मानत नाही, पण पळायच्या बेतात होते. तेवढ्यात निळीही लागली. मी फोन लावला.

"बाई, तुम्ही घरी नाही आणि दिवा लागला!"

"हाव. सून सूर्य पायते आता. रोज नेटवरून मावळतीचा टाइम घेते अन् आपली आपण लागते." मागं कुणाच्या तरी लेकराचं रडणं ऐकू येत होतं. "तू नमस्कार केला का?"

"अहो, पण तुमच्या मुलाला वाटेल तुम्ही घरात आहात."

"वाटू दे. त्याच्या जिवाले घोर नाही, माह्या जिवाले जाच नाही."

मला ते अजिबात पटलं नाही आणि त्या परत आल्यावर तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी माझ्या उतरलेल्या खांद्याकडे पाहिलं आणि विषय संपवला. तेव्हापासून त्या गावाला गेल्या की दार माझ्याकडे आणि दिवा सुनेकडे अशी वाटणी झाली. बाई घरी असल्या की स्वतः दार उघडत, टिचबटणाला आता अर्थ नसला तरी सवयीनं दाबत. पिवळा लागायचा, आणि मागोमाग निळा. कधी चुकत नव्हता, कधी उशीर नव्हता. असला वेळेचा पक्का मुलगा मी जन्मात पाहिला नव्हता आणि माझ्या धाकट्या भावाला मी त्याचं उदाहरण देत असे.

थंडीचे दिवस होते. मी ऑफिसातून आले तेव्हा उजेड नुकताच गेला होता. फाटक उघडलं. खिडकीतून दाराच्या आतल्या बाजूचं तोरण दिसलं, पिवळी फुलं लागलेली, निळीही लागलेली. आज बाईंकडे पिठलं असणार, वरती जाऊन भात तेवढा टाकावा, असा विचार करत मी जिना चढायला लागले आणि मधेच थांबले.

दार बंद होतं.

बाई गावाला जाणार असत्या तर किल्ली दिली असती. घरात असत्या तर दार उघडं असतं. डास, थंडी, ताप, काहीही असो, दिवा लागलाय आणि या बाईंचं दार बंद आहे असं मी एकदाही पाहिलं नव्हतं. सुनेला सूर्य शिकवला होता. दाराचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

हाका मारल्या. आतून आवाज नाही. दाराला कुलूप नव्हतं, आणि आतली कडी दिवसा त्या लावत नसत. दार ढकललं आणि मी बाईंना पाहिलं. स्वयंपाकघर आणि न्हाणीच्या मधल्या बोळात त्या कुशीवर पडल्या होत्या, एक पाय भलताच वळलेला, वेणी ओल्या फरशीत. डोळे उघडे होते. मी तोंडावर हात घेतला.

"दार उघडलं का?" त्यांनी विचारलं. आवाज चिंधीसारखा झाला होता.

"उघडलं, बाई."

"मंग पाणी दे."

त्या दुपारीच घसरल्या होत्या. मोबाइल पुढच्या खोलीत. ओरडून ओरडून घसा बसला, पण मागच्या बाजूला कोण ऐकणार? मी त्यांच्या अंगावर गोधडी घातली, शेजारच्यांना हाका मारल्या, आणि गाडी येईपर्यंत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तेव्हा त्या जे बोलल्या ते आठवलं की आजही मला बसल्या जागी थंडी वाजते.

"मी म्हटलं, घाबराचं काय? सांज होऊ दे. दिवा लागणार नाही, मंग तो फोन करते, तुले उठवते, साऱ्या गल्लीले उठवते. दिवेलागणीपर्यंत कळ काढाची. अंधार झाला. अन् मले समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड दिसला व." त्यांनी डोळे मिटले. "मी विसरलीच होती. मीच तं शिकवलं होतं तिले. बरोबर टायमाले लागली अन् त्याले सांगतलं, तुही माय मजेत आहे. मंग निळा लागला. म्हटलं, आता झालं. आता कोणी येत नाही."

तोरण समोरच लखलखत होतं. ते उपटून फेकून द्यावंसं वाटत होतं, पण मांडीवर बाईंचं डोकं होतं.

दवाखान्यात त्यांना आत नेल्यावर मी बाहेरच्या बाकावरून मुलाला फोन लावला. आई पडल्या आहेत, मांडीचं हाड मोडलंय, शुद्धीवर आहेत, घाबरू नका, असं सगळं एका दमात सांगितलं.

"नाही हो ताई, काहीतरी चुकतंय तुमचं," तो म्हणाला. "आईचा दिवा लागलाय. मोबाइलवर मेसेज आलाय मला."

"तो आपोआप लागतो. सावकाश सांगेन तुम्हाला. तुम्ही आता घरून निघालात तर सकाळपर्यंत पोचाल ना?"

त्याच्या मागून विमानांच्या वेळांची घोषणा ऐकू येत होती, इंग्रजीत आणि हिंदीत.

"दादा, तुम्ही घरी आहात ना? तुमचा निळा आत्ता लागला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

"मी दिल्लीत आहे, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "बरेच दिवस झाले. मी... महिन्यातून थोडेच दिवस घरी असतो. निळा आपोआप लागतो."

मी त्या बाकावर बसून समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. इकडे बाई मेहकरला, तो दिल्लीला. खामगावात कुलूप, पुण्यात कुलूप. आणि मधल्या काळात रोज संध्याकाळी ही दोन रिकामी घरं एकमेकांना खुशाली कळवत होती, आणि मी उंबऱ्यात उभी राहून त्याला नमस्कार करत होते!

दुसऱ्या दिवशी तो आला. ऑपरेशनची तयारी चालली होती. बाईंच्या पायाला वजन बांधलेलं. मी बाहेर जायला निघाले तर त्यांनी खुणेनं थांबवलं. त्यानं आधी स्वतःचं सांगितलं. निळा लागायला उशीर झाला की तू पुढच्या फोनला धड बोलायची नाहीस, टोमणे मारायचीस, मीटिंगमध्ये असलो तरी माझा जीव खालीवर व्हायचा, म्हणून त्यानं प्रोग्राम बदलला होता: पिवळा लागला की थोड्या वेळानं निळा. केव्हापासून? जानेफळच्याही आधीपासून. हे सगळं तो पुण्याच्या मराठीत, मान खाली घालून सांगत होता.

बाईंनी ऐकून घेतलं. मला वाटलं, रडतील. त्या हसायला लागल्या. आधी नुसतं पोट हललं, मग आवाज फुटला, मग दुखून डोळ्यांत पाणी आलं तरी हसू थांबेना. नर्स धावत आली आणि आम्हा दोघांवरच डाफरली.

"म्हंजे तुह्या घरी कोणी नाही, माह्या घरी कोणी नाही," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "अन् माही सून तुह्या तोरणाशी संसार करून राह्यली होती! अन् मी त्या निळ्यासाठी उंबऱ्यात बसो रे. चष्मा पुसून पुसून पाहो."

मग त्या हसायच्या थांबल्या.

शेवटी तो म्हणाला, "आता पुरे झालं, आई. पाय बरा झाला की चल माझ्याकडे."

"येतो ना," बाई म्हणाल्या. मी चमकून पाहिलं. "पण कोणाच्या घरी येऊ? तू तं तिथं राहातच नाही."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या वर्षांत त्यानं केलेल्या सगळ्या आग्रहाला एवढंच उत्तर पुरलं. तो पलंगाच्या कडेवर बसला, आईचा सुईनं चाळण झालेला अंगठा त्यानं दोन्ही हातांत धरला आणि पुण्याची मराठी सोडून म्हणाला, "चुकलं व माय. मले वाटलं, तुले दिवाच पायजे."

"मलेही तसंच वाटलं," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम सांगितलं ते हे. खाटेशेजारी लॅपटॉप मागवला, मुलाला समोर बसवलं. "आधी माह्यं उसव. मंग तुह्यं." तो एकेक ओळ वाचून दाखवायचा आणि त्या म्हणायच्या, "हे काढ." सूर्य गेला, पिवळ्यामागून निळा गेला. मधे एकदा तो म्हणाला की आई, निदान वीज गेली तर कळावं म्हणून एवढं ठेवू. "काही ठेवू नोको," बाई म्हणाल्या. "वीज गेली तं फोन कर. तोंड आहे ना तुले?" त्यानं कामाला एक बाई दिवसभरासाठी ठेवायची अट घातली, बाईंनी ती कुरकुरत मानली. पुण्याचा विषय कुणी काढला नाही.

त्यानंतर माझी बदली झाली. निघताना बाईंनी पुन्हा टेप काढली आणि खांदा मापला. "सुधारला," म्हणाल्या. जिना उतरताना मला रडू आवरेना आणि त्याचा मला स्वतःचाच राग आला.

परवा अकोल्याला कामानिमित्त गेले होते, वाट वाकडी करून खामगावला उतरले. बाई थकल्या आहेत. वॉकर घेऊन चालतात, वॉकरच्या दांड्याला त्यांनी टाचण्यांची उशी शिवली आहे. मुलाचं विचारलं तर म्हणाल्या, येते, जाते, फोनवर भांडते. बोलता बोलता दिवेलागण झाली. कामाच्या बाई पुढं झाल्या, पण बाईंनी त्यांना हातानं अडवलं. वॉकर सरकवत दारापर्यंत गेल्या, कडी काढली, दोन्ही फळ्या उघडल्या. मग टिचबटण दाबलं. उजवीकडची फुलं पिवळी झाली. आम्ही तिघींनी नमस्कार केला आणि उंबऱ्यापाशी बसलो.

डास आले. रस्त्यावरून शाळेच्या मुली सायकलींवर गेल्या. अंधार दाटला तरी डावीकडची फुलं काळीच राहिली. मी एकदा तोरणाकडे, एकदा बाईंकडे पाहत होते. त्या दिवसापासून न लागलेला दिवा मला पाहवत नाही आणि लागलेल्याची खात्री वाटत नाही.

"बाई, निळा नाही लागला," मी अखेर म्हटलं. "फोन करू का?"

"नाही लागला ना?" बाईंनी पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि त्या काळ्या फुलांकडे निरखून पाहिलं. त्यांचा चेहरा इतका खूश मी कधीच पाहिला नव्हता. "म्हंजे कालचा खरा होता."